सत्तावीस वेळा पडलेलं मशीन

परवा शनिवारी सकाळी बाबांचं व्हर्च्युअल मशीन सुरूच होईना. बाबांचं म्हणजे असं, की निवृत्तीनंतर त्यांनी गावच्या आठवणी लिहिल्या त्या एका जुन्या मराठी फॉन्टमध्ये. युनिकोड वगैरे भानगड नाही. ते पॅकेज विंडोज एक्सपीवरच चालतं, म्हणून त्यांचा अख्खा पीसी मी कधीकाळी व्हीएमवेअरमध्ये कोंडून ठेवलाय. आता एरर काय, तर म्हणे मूळ डिस्क बदलली आहे, स्नॅपशॉट तिला ओळखत नाही. बदलणारा गाढव मीच. नव्या लॅपटॉपवर हलवताना स्नॅपशॉट वगळून नुसती मूळ डिस्क एकदा चालू करून पाहिली होती.

"किती वेळ लागेल रे?" बाबा फोनवर. "संध्याकाळपर्यंत," मी ठोकून दिलं.

दुरुस्तीला हात लावण्याआधी सगळ्या फाइलींची कॉपी काढायला घेतली. दोन तास नुसतं बसायचं होतं, तेव्हा एक जुना किस्सा आठवला.

व्हर्च्युअल मशीन म्हटलं की आपल्याला १९९९ सालचं व्हीएमवेअर आठवतं. पण आयबीएमच्या मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज केंद्रात रॉबर्ट क्रीझी यांच्या गटाने १९६७ मध्येच सीपी-४० चालवलं होतं, आणि पाठोपाठ सीपी-६७ आलं. प्रत्येकाला आपल्याकडे अख्खा कॉम्प्युटर आहे असा भास द्यायचा, आणि त्यावर सीएमएस ही एकट्या माणसापुरती साधी सिस्टिम चालवायची. खऱ्या डिस्कचा एक तुकडा तुमच्या नावावर, त्याचं नाव मिनिडिस्क. मशीन भासाचं, पण डिस्कवरची अक्षरं खरीच.

एमआयटीत हे सीपी-६७ टॉम व्हॅन व्लेक सांभाळायचे. टर्मिनलसाठीच्या कोडमध्ये ओळीची लांबी एका बाइटात मोजलेली, कारण २५५ पेक्षा लांब ओळ टाइप करणार कोण? पुढे हार्वर्डच्या एका उपकरणासाठी १२०० अक्षरांची ओळ लागली. मर्यादा वाढवली गेली, एका बाइटाचं गणित तसंच राहिलं, आणि एका दिवसात सिस्टिम सत्तावीस वेळा कोसळली!

गंमत पुढे आहे. दिवसात सत्तावीस वेळा पडता आलं, कारण दर वेळी चार-पाच मिनिटांत ती आपोआप उठत होती. त्याच एमआयटीतलं मल्टिक्सही तेव्हा वरचेवर पडायचं, पण त्याला उठायला तासभर लागे, कारण सगळी फाइल सिस्टिम तपासून सावरावी लागे. ही तुलना मल्टिक्सवाल्यांना झोंबली. त्यांनी साठवणीची व्यवस्था नव्याने लिहायला घेतली, त्याचं हे एक कारण, असं व्हॅन व्लेक यांनीच नोंदवून ठेवलंय. आपण एरवी सिस्टिम किती वेळा पडली ते मोजतो. उठायला किती वेळ लागला, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

असो. कॉपी झाली. व्हीएमवेअरच्या डिस्कसोबत वर्णनाची एक छोटी टेक्स्ट फाइल असते. तीत डिस्कचा स्वतःचा ओळख क्रमांक असतो, आणि स्नॅपशॉटच्या फाइलीत शिवाय आईबापाचा. मी मूळ डिस्क चालवली तेव्हा तिचा क्रमांक बदलला, स्नॅपशॉट मात्र जुनाच धरून बसलेला. (कुंडली जुळेना, एवढंच.) नोटपॅडमध्ये आठ अक्षरं बदलली की व्हीएमवेअर गप्प. पण क्रमांक जुळला म्हणून मजकूर जुळेलच असं नाही! एक्सपीने मधल्या काळात मूळ डिस्कवर काय काय लिहिलं असेल, देव जाणे. त्यामुळे मशीन चालू करायचा मोह टाळला, डिस्क दुसऱ्या एका लिनक्स व्हीएमला फक्त वाचण्यापुरती जोडली आणि बाबांचं फोल्डर बाहेर काढलं.

अकरा प्रकरणं जशीच्या तशी मिळाली. बाराव्याचा, म्हणजे विहिरीच्या भांडणाचा, उत्तरार्ध नुसते चौकोन.

रात्री भीतभीत फोन केला. बाबा क्षणभर गप्प. मग म्हणाले, "राहू दे. ते परत लिहितो मी. तसंही तुझ्या काकाला जरा जास्तच बोललो होतो त्यात." :-)