गांवच्या रस्त्यावरचा होल

गोल्फ म्हटला कीं आमच्या मध्यमवर्गीय वाचकांपुढें छावणीनजीकचें कुंपण घातलेलें मैदान आणि काठ्यांचें ओझें वाहणारीं पोरें हेंच चित्र उभें राहतें. साहेबानें हा खेळ आमच्याकडे आणला तो अशाच थाटांत, तेव्हां दोष वाचकांचा नाहीं. परंतु या खेळाचें माहेर जें स्कॉटलंडांतील सेंट अँड्र्यूज, तेथील 'ओल्ड कोर्स' हें मूळचें गांवचें गायरान होय. आणि त्यावरील अत्यंत अवघड जागा कोणा कारागिरानें योजलेली नसून गांवच्या वहिवाटींतूनच उत्पन्न झाली, असें आम्हांस वाटतें.

१५५२ सालीं आर्चबिशप हॅमिल्टन यांस या समुद्रकांठच्या कुरणांत ससे पाळण्याची मुभा मिळाली, ती नगरवासीयांचा गोल्फ खेळण्याचा व गुरें चारण्याचा हक्क लेखी मान्य केल्यावरच. पुढें नगरसभा कर्जांत बुडाली व १७९७ त तिनें ही जमीन विकली. मग सशांचे व्यापारी आले. सशांनीं मैदान पोखरलें, खेळाडूंनीं ससे मारले, तंटा न्यायालयांत गेला. अखेर १८२१ त जेम्स चीप या जमीनदारानें जमीन घेऊन खेळ वांचविला. १८९४ त ती पुन्हा नगराची झाली. (अठरा होलांचा आजचा दंडकही येथलाच, १७६४ त बावीसांचे अठरा केले.)

होल म्हणजे नुसती खळगी नव्हे. चेंडू प्रथम मारावयाच्या जागेपासून खळगीपर्यंतची सारी वाट. सतराव्या होलाचें नांवच 'रोड होल'. खळगीभोंवतालची हिरवळ लांबट, अरुंद व तिरपी. तिच्या पुढल्या अंगास खोल वाळूचा खड्डा, मागें गांवचा जुना रस्ता, आणि रस्त्यापलीकडे दगडी भिंत. खड्डा चुकवावा तर रस्ता गांठतो. आणि रस्ता हा मैदानाचाच भाग असल्यामुळें चेंडू तेथूनच मारावा लागतो! पहिला फटका तर रेल्वेच्या छपरांवरून न्यावयाचा. रेल्वे १९६९ त बंद पडली, पण त्याच आकाराचा आडोसा आज शेजारच्या हॉटेलाच्या आवारांत राखलेला आहे. अडचणीची एवढी निष्ठेनें जपणूक आम्हीं अन्यत्र पाहिली नाहीं.

या जागेनें भल्याभल्यांस रडविलें. १८८५ च्या ओपन स्पर्धेंत डेव्हिड एटन यास येथें अकरा फटके लागले. विजेतेपद गेलें अवघ्या दोन फटक्यांनीं. १९७८ त जपानी खेळाडू नाकाजिमा हिरवळीवर पोंचला होता. हलकेंच ढकललेला चेंडू घरंगळत खड्ड्यांत गेला आणि तो बाहेर काढण्यांतच चार फटके खर्ची पडले. १९८४ त टॉम वॉटसन सहाव्या विजेतेपदाच्या उंबरठ्यावर असतां त्याचा चेंडू हिरवळ ओलांडून रस्त्यापार भिंतीशीं जाऊन थांबला. चषक बॅलेस्टरोस यानें नेला. अशा वेळीं खेळाडूचें कौशल्य कमी पडलें कीं रस्ता करणाऱ्या गांवकऱ्यांनीं त्याला हरविलें, हें सांगणें कठीण.

मोठी स्पर्धा नसेल तर रविवारीं तेथें गोल्फ बंद असतो. त्या दिवशीं गांवचीं माणसें मुलांना व कुत्र्यांना घेऊन त्याच हिरवळीवरून फिरावयास निघतात.