खाजगी वैद्यकीय महाविद्यालयांचे शुल्क : काही शब्दांचा इतिहास

मराठीत देणगी दिली जाते आणि फी भरली जाते. 'देणे' या क्रियापदात दात्याची इच्छा गृहीत आहे. 'भरणे' हे सारा, दंड, कर आणि हप्ता यांच्याबरोबर येणारे क्रियापद आहे, आणि त्यात इच्छेला फारसा वाव नाही. 'डोनेशन' हा शब्द इंग्रजीत देणगीचाच पर्याय असला तरी मराठी बोलीत तो आला तो 'भरणे' या क्रियापदाचा हात धरून. 'मुलाच्या प्रवेशासाठी डोनेशन भरले' हे वाक्य कोणाही मराठी भाषकास स्वाभाविक वाटते. 'डोनेशन दिले' हेही ऐकू येते, परंतु 'देणगी भरली' असे कोणी म्हणत नाही. एकाच अर्थाचे दोन शब्द भाषेत शेजारी शेजारी नांदत असता त्यांपैकी एकाने कराचे क्रियापद स्वीकारावे, यामागे काही सामाजिक घडामोड असलीच पाहिजे. वैद्यकीय शिक्षणाच्या खर्चाचा इतिहास हीच ती घडामोड होय. तो शब्दांच्या अंगाने पाहिल्यास अशा काही गोष्टी स्पष्ट होतात, ज्या केवळ आकडे पाहून ध्यानात येत नाहीत.

आरंभीच्या काळी पैशाचा प्रवाह नेमका उलट दिशेने वाहत होता. मुंबईत १८२६ साली एतद्देशीयांसाठी वैद्यकाची शाळा निघाली. मॅक्लेनन यांनी तिच्यासाठी वैद्यकाचे ग्रंथ मराठीत उतरवले, पण १८३२ साली ती शाळा बंद झाली. १८३५ साली कलकत्त्यास वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले तेव्हा विद्यार्थ्यांकडून काही घेण्याचा प्रश्नच नव्हता. उलट त्यांनी शवविच्छेदनाच्या वर्गात बसावे म्हणून त्यांना दरमहा वेतन द्यावे लागे. पुढे 'विद्यावेतन' या नावाने रूढ झालेली कल्पना ती हीच. १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले, ते गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट यांच्या स्मारकासाठी जमलेल्या वर्गणीतून. शेजारचे रुग्णालय उभे राहिले ते सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीच्या आधाराने.

विसाव्या शतकाच्या पहिल्या चरणातील मुंबईचे उदाहरण अधिक बोलके आहे. १९२६ साली परळ येथे सुरू झालेल्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयासाठी विश्वस्तांनी पैसा दिला, तो एका अटीवर. तेथील अध्यापक सरकारी सेवेत नसलेले, योग्य पात्रतेचे भारतीय असावेत, अशी ती अट होती. सरकारी वैद्यकीय खात्यातील वरच्या जागा गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी राखलेल्या असण्याच्या त्या काळी या अटीला राजकीय अर्थ होता. असहकाराच्या वातावरणात १९२१ साली निघालेले नॅशनल मेडिकल कॉलेज १९४६ साली मुंबई महापालिकेकडे आले आणि तेही दात्याच्या, म्हणजे टोपीवाल्यांच्या, नावाने ओळखले जाऊ लागले. या दोन्ही ठिकाणी देणगी होती आणि गोर्धनदासांच्या विश्वस्तांच्या देणगीला तर अटही होती. मात्र अट होती ती शिकवणारा कोण असावा याविषयीची. शिकणारा कोण असावा हे देणगीवर ठरत नव्हते. 'देणगी' या मराठी शब्दाचा सन्मान ज्या काळात घडला तो हा काळ होय.

'कॅपिटेशन' या शब्दाची वाट निराळी आहे. लॅटिन 'कापुत्' म्हणजे डोके. त्यावरून 'कापितातिओ' म्हणजे दरडोई बसविलेला कर. मराठीतील 'डोईपट्टी' हा शब्द अर्थाच्या दृष्टीने त्याच्या अगदी जवळ येतो, पण शिक्षणाच्या संदर्भात तो कोणी वापरला नाही. मुळात हा शब्द निर्मळ होता, किमान निरुपद्रवी होता. याचा उत्तम पुरावा इंदूर येथील आहे. महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयात मध्य भारत राज्याच्या रहिवाशांना कॅपिटेशन फी माफ होती. राज्याबाहेरच्यांना, नियुक्त उमेदवार असल्यास १,३०० रुपये व अन्य असल्यास १,५०० रुपये, अशी ती द्यावी लागे. दिल्लीच्या एका विद्यार्थ्याने या नियमाला आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९५५ मध्ये बहुमताने तो नियम वैध ठरविला. जन्मस्थळावरून होणारा भेदभाव संविधानाने निषिद्ध केला असला तरी निवासावरून केलेला फरक हा वेगळा, असा त्या निर्णयाचा आशय होता. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, न्यायालयापुढील वाद फरकाविषयी होता, शब्दाविषयी नव्हता. एक राज्यशासन आपल्या लेखी नियमात 'कॅपिटेशन फी' असे उघडपणे लिहीत होते आणि त्यात कोणाला संकोच वाटत नव्हता.

त्याच सुमारास, १९५३ साली, मणिपाल येथे डॉ. टी. एम. ए. पै यांनी कस्तुरबा वैद्यकीय महाविद्यालय स्थापन केले. खाजगी वैद्यकीय महाविद्यालये त्याआधीही होती; वेल्लोरचे ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालय हे त्यांतील ठळक उदाहरण. पण वेल्लोरच्या मागे मिशन संस्थांचा निधी होता. मणिपालची योजना अशी की, शासनाने खर्च न करता, मुख्यतः विद्यार्थ्यांच्या पालकांनी भरलेल्या रकमेतून महाविद्यालय चालावे. १९६३ साली बेळगावात के. एल. ई. संस्थेचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय निघाले, आणि सीमाभागातील व दक्षिण महाराष्ट्रातील अनेक मराठी कुटुंबांनी वैद्यकीय प्रवेशासाठी प्रथम पाहिली ती कर्नाटकाची वाट. 'डोनेशन' हा शब्द मराठीत रुळण्यास या प्रवासाचाही हातभार लागला असावा, असे अनुमान करण्यास जागा आहे.

महाराष्ट्रात हा मार्ग खुला झाला तो वसंतदादा पाटील यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात, १९८३ च्या सुमारास. शासनाजवळ नवी महाविद्यालये काढण्यास पैसा नाही, मुले मात्र परराज्यांत पैसे भरून शिकतात, तर तोच पैसा येथे का राहू नये, असा त्या धोरणामागील सरळ युक्तिवाद होता. १९८४ साली कऱ्हाड, लोणी व अमरावती येथे अशी महाविद्यालये निघाली; पुढे त्यांची संख्या वाढत गेली. ही गावे मुंबई-पुण्याची नव्हेत, हे या धोरणाचे यश मानले पाहिजे. लोणीसारख्या खेड्यात शिक्षणासाठीचे रुग्णालय उभे राहणे ही लहान गोष्ट नव्हती. याच धोरणातून 'विनाअनुदानित' हा प्रशासकीय शब्द रूढ झाला. शब्दाची घडण पाहण्याजोगी आहे. संस्थेला काय मिळत नाही तेवढे हा शब्द सांगतो. ती उणीव कोण भरून काढतो, ते सांगत नाही. लोकांनी ती जागा आपल्या शब्दांनी भरली. साखरसम्राटांच्या धर्तीवर 'शिक्षणसम्राट' आले. आणि पूर्वी बहुजनांच्या शिक्षणासाठी झिजलेल्यांना लावले जाणारे 'शिक्षणमहर्षी' हे बिरुद नव्या संस्थाचालकांच्या सत्कारपत्रिकांवर दिसू लागले. महर्षी आणि सम्राट ही दोन्ही पदे एकाच व्यक्तीस, एक व्यासपीठावर व दुसरे पाठीमागे, लागावीत हा भाषेचा निवाडा मोठा मार्मिक आहे.

शब्दाला कलंक लागण्यास मग वेळ लागला नाही. आंध्र प्रदेशाने १९८३ साली, कर्नाटकाने १९८४ साली व महाराष्ट्राने १९८७ च्या अधिनियमाने कॅपिटेशन फी घेण्यास मनाई केली. इंदूरच्या निर्णयापासून तीस-बत्तीस वर्षांत एका शासकीय शुल्काचे नाव गुन्ह्याचे नाव झाले. महाराष्ट्राच्या अधिनियमातील व्याख्या शब्दशास्त्राच्या दृष्टीने विशेष आहे. विहित किंवा मान्य दरापेक्षा जास्त घेतलेली कोणतीही रक्कम, मग तिला कोणतेही नाव दिलेले असो आणि ती रोख असो वा वस्तुरूप, ती कॅपिटेशन फी. नाव बदलून वस्तू बदलत नाही, हे विधिमंडळाला आधीच कळले होते. त्याच कायद्याने शिष्यवृत्त्या व पारितोषिकांसारख्या कामांसाठी परोपकारी व्यक्तींकडून सद्भावनेने देणगी घेण्यास मोकळीक ठेवली, मात्र तिच्या बदल्यात जागा राखून ठेवता येणार नाही, असे बजावले. 'देणगी' आणि 'डोनेशन' यांमध्ये मराठी बोलीने क्रियापदाच्या साहाय्याने जी रेघ ओढली होती, तीच कायद्याने कलमाच्या साहाय्याने ओढली.

यानंतरचा इतिहास न्यायालयांत घडला. कर्नाटकाच्या जून १९८९ च्या अधिसूचनेनुसार खाजगी महाविद्यालयातील शासकीय जागेस वर्षाला २,००० रुपये, त्याच राज्याच्या इतर विद्यार्थ्यास २५,००० पर्यंत व परराज्यातील विद्यार्थ्यास ६०,००० पर्यंत शुल्क ठरले होते. एकाच वर्गात, एकाच बाकावर, तीसपट अंतर. मोहिनी जैन खटल्यात १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने ६०,००० ची ती रक्कम ही दुसऱ्या नावाची कॅपिटेशन फीच होय, असे ठरविले. पुढल्याच वर्षी, फेब्रुवारी १९९३ मध्ये, उन्नीकृष्णन खटल्यात पाच न्यायाधीशांच्या पीठाने योजना घालून दिली : निम्म्या जागा शासकीय दराच्या, निम्म्या अधिक शुल्काच्या, आणि दोन्ही गुणवत्तेनुसार.

'फ्री सीट' व 'पेमेंट सीट' हे शब्द मराठी घरांत शिरले ते येथून. दोन्ही शब्द फसवे होते. फ्री सीट मोफत नव्हती, ती शासकीय महाविद्यालयाच्या दराची होती. आणि पेमेंट सीटवरचा विद्यार्थी आपल्या शिक्षणाबरोबर दुसऱ्याच्या शिक्षणाचाही भार उचलीत होता. हा भार कोणावर पडला? ऑक्टोबर २००२ मध्ये टी. एम. ए. पै प्रतिष्ठान खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने ही योजना मोडीत काढली, तेव्हा त्यांनी अनुभवाचा दाखला दिला की, फ्री सीट बहुधा सुस्थितीतील घरांच्या मुलांकडे गेल्या आणि कमी ऐपतीच्यांना जास्त भरावे लागले. कारण उघड आहे. काही गुणांच्या फरकाने वरची जागा मिळते, आणि ते गुण चांगली शाळा व शिकवणी यांतून येतात. सातारा-सांगलीकडच्या एखाद्या शेतकऱ्याने जमीन गहाण टाकून शहरातल्या सधन मुलाच्या शिक्षणास हातभार लावावा, असा या गणिताचा अर्थ होत होता, आणि तो दहा वर्षे बहुतेकांच्या ध्यानात आला नाही. त्याला 'फ्री' या शब्दाची मोहिनी बरीचशी कारणीभूत असावी.

२००२ च्या निर्णयाने संस्थांना स्वतःचे शुल्क ठरविण्याची व विस्तारासाठी वाजवी शिल्लक ठेवण्याची मुभा दिली. नफेखोरी व कॅपिटेशन फी मात्र निषिद्धच ठेवली. २००३ च्या इस्लामिक अकॅडमी निर्णयाने निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली राज्यवार शुल्क समित्या आल्या, आणि एका वेळी एका वर्षाहून किंवा सत्राहून अधिक शुल्क आगाऊ घेता येणार नाही, असे ठरले. २००५ च्या इनामदार निर्णयाने अनिवासी भारतीयांच्या जागांवर पंधरा टक्क्यांची मर्यादा घातली. महाराष्ट्रात २०१५ च्या अधिनियमाने शुल्क नियामक प्राधिकरण स्थापन झाले. संस्थेचा खर्च तपासून प्रत्येक महाविद्यालयाचे शुल्क ते ठरविते. मात्र 'अभिमत विद्यापीठ' हे बिरुद मिळविलेल्या संस्था या व्यवस्थेबाहेर राहिल्या. कमी खर्चाचे महाविद्यालय शोधणाऱ्या पालकाच्या दृष्टीने 'खाजगी' व 'अभिमत' या दोन विशेषणांतील हा भेद इमारतीच्या भव्यतेपेक्षा कितीतरी महत्त्वाचा ठरतो.

शुल्कपत्रकाचे वाचन हाही एक शब्दार्थाचाच प्रश्न आहे. शैक्षणिक शुल्क आणि विकास शुल्क परत मिळत नाही; 'अनामत' मात्र, अरबी 'अमानत' या शब्दास जागून, केवळ विश्वासाने ठेवलेली असते व परत मिळावयास हवी. वसतिगृह व खानावळ यांचे आकडे बहुधा वेगळ्या पानावर असतात. अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा असल्याने शेवटच्या सहामाहीचे शुल्क अर्ध्या वर्षाचे की पूर्ण, या एका तपशिलाने एकूण बेरजेत मोठा फरक पडतो. आणि खाजगी म्हणजे महाग हे समीकरण सर्वत्र खरे नाही. सेवाग्राम येथे १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांच्या प्रयत्नाने निघालेले महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान हे एका सोसायटीने चालविलेले. तेथील खर्चाचा मोठा वाटा केंद्र व राज्य शासन उचलते, म्हणून शुल्क आटोक्यात राहिले. वेल्लोर येथे विद्यार्थ्याकडून पैशाऐवजी पुढील सेवेचा करार घेतला जातो. या दोन्ही ठिकाणी किंमत नाहीशी झाली नाही, ती अन्य कोणी किंवा अन्य रूपाने दिली.

'परवडणे' या क्रियापदाचा येथे विचार करणे अप्रस्तुत होणार नाही. मराठीत मनुष्य वस्तू 'परवडवीत' नाही. वस्तूच मनुष्याला परवडते, 'मला परवडते', 'त्याला परवडत नाही', आणि हे क्रियापद नकारातच अधिक भेटते. परवडणे हा वस्तूचा गुण नसून वस्तू व विशिष्ट माणूस यांमधील संबंध आहे, हे या रचनेत अंगभूत आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये आंध्र प्रदेशातील एका प्रकरणी शुल्क सातपट वाढवून वर्षाला २४ लाख करण्याचा शासकीय आदेश रद्द ठरविताना सर्वोच्च न्यायालयाने शुल्क नेहमी परवडणारे असले पाहिजे असे म्हटले, परंतु कोणाला, हा चतुर्थीचा प्रश्न निर्णयात मोकळाच राहिला.

त्याच वर्षी ३ फेब्रुवारीस राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०१९ च्या आपल्या अधिनियमाच्या आधारे मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार खाजगी महाविद्यालये व अभिमत विद्यापीठे यांतील पन्नास टक्के जागांचे शुल्क त्या त्या राज्यातील शासकीय महाविद्यालयांच्या शुल्काइतके असावे. त्याचा लाभ आधी शासकीय कोट्यातील विद्यार्थ्यांना, आणि तो कोटा पन्नास टक्क्यांहून कमी असेल तेथे उरलेल्या जागांवर गुणानुक्रमे इतरांना मिळावा. शब्द बदलले असले तरी रचना १९९३ ची आहे, आणि उरलेल्या निम्म्या जागांवरचा विद्यार्थी किती भरतो, याचा हिशेब प्रत्येक राज्यात वेगळा मांडावा लागतो.