म्हातारपणाचा हिस्सा

नोकरदार माणसाला निवृत्तीची तारीख ठरलेली असते. कचेरीत हार घालतात, नारळ देतात आणि पुढच्या महिन्यापासून पेन्शन चालू. शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर असा रकाना नाही. पण म्हणून आमच्या भागात शेतकरी निवृत्त होत नव्हता असं नाही. त्याच्या खुणा वेगळ्या होत्या. ज्या साली चाड्यावरची मूठ बापाकडून लेकाकडं गेली, त्या साली बाप निवृत्त झाला असं गाव समजायचं. मग तो खळ्यावर राखणीला बसायचा, अंबाडीचं दोर वळायचा, जनावरं पाण्यावर न्यायचा. काम सुटत नव्हतं, फक्त हलकं व्हायचं. आणि ताटही हलकं व्हायचं, हे कुणी बोलून दाखवत नसे.

आमचं गाव मंगळवेढ्याच्या काळ्या रानात. पाऊस बेभरवशाचा, पण माती अशी की एकदा भिजली की महिनोन्‌महिने ओल धरून ठेवते. त्या ओलीवर शाळू ज्वारी येते. मोहोळच्या केंद्रात निवडलेली मालदांडी आमच्या आज्यापासून घरात आहे. आता इथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालंय. आजाच्या वेळी ज्वारी पेवात ठेवायचे. गावठाणातल्या पांढऱ्या मातीत खोल खड्डा, आत कडब्याचं आणि भुसकटाचं अस्तर, वर दगड आणि माती. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरायचं नाही, आतली हवा मारक असते. आधी कंदील सोडायचा, तो विझला नाही तरच माणूस उतरायचा. एका सालाची ज्वारी दुसऱ्या सालाला पुरवायची, आणि पाऊस हुकला तर तिसऱ्यालाही. काटकसर हा शब्द मी शाळेत शिकलो. घरात त्याला नावच नव्हतं.

खाणं सांगायचं तर ज्वारीची भाकरी, नाहीतर कण्या, नाहीतर आंबील. थंडीत हुलग्याचं माडगं. शिळी भाकरी ताकात कुस्करायची, उरलेल्या भाकरी वाळवून कडक करायच्या. ज्वारीत मधे मधे करडईच्या ओळी असायच्या, तेवढंच घाण्याचं तेल वर्षाला पुरवायचं. चहा गुळाचा, तोही पाहुणा आला तर. गव्हाची पोळी होळीला आणि बेंदराला. भात लग्नात.

हे वाचून शहरातली माणसं म्हणतात, म्हणूनच तुमची जुनी माणसं धडधाकट होती. हे मला पटत नाही. जी धडधाकट होती ती आपल्याला दिसली. बाकीची आपल्याला दिसायला राहिलीच नाहीत. स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्या देशात सरासरी आयुष्य ३२ वर्षांच्या आसपास होतं, आज ते ७० च्या घरात आहे. आमच्या आज्याला पायात नारू झाला होता. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून लोक पाणी भरायचे, त्यातनं तो व्हायचा. ऐन पेरणीत दीड महिना माणूस बाजेवर. पुढं पाणी गाळून प्यायला लागले, पायविहिरी बंद झाल्या, औषधं टाकली, आणि २००० साली देश नारूमुक्त म्हणून जाहीर झाला. तो रोग काटकसरीनं गेला नाही, खर्च केला म्हणून गेला. हे मी मुद्दाम लिहितो.

आमच्या घरातली सगळ्यात मोठी काटकसर आईच्या ताटात व्हायची. ती शेवटी जेवायची. टोपलीत काय उरलंय त्यावर तिचं जेवण. शेवटची दहा वर्षं तिला चार पायऱ्या चढल्या की दम लागायचा. डॉक्टर म्हणाले, अंगात रक्तच नाही. घरातलं प्रत्येक माणूस तिच्यामुळं पोटभर जेवलं होतं.

बहात्तरच्या दुष्काळात मी तेरा वर्षांचा होतो. त्याच्या आधीची सालंही ओढाताणीची गेली होती, बहात्तरला पेव रिकामंच पडलं. आई आणि थोरली बहीण खडी फोडायला जायच्या, बाप पाझर तलावाच्या कामावर. मी शाळा सुटली की पाणी वाटायला. वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यात ज्या योजनेचा प्रयोग करून पाहिला, तीच रोजगार हमी या दुष्काळात राज्यभर गेली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. आमच्या गावात त्या उन्हाळ्यात घरी बसलेला माणूस म्हणजे एकतर आजारी, नाहीतर फार म्हातारा. आजानं त्याआधीच चाडं सोडलेलं होतं, तरी तोही कामावर आला. मुकादमानं त्याला राखणीला ठेवून हजेरी लावली. म्हणजे आमच्या आज्याची निवृत्ती त्या साली रद्द झाली.

रेशनवर मिलो आली. अमेरिकेची लाल ज्वारी. तिचं पीठ चिकट नसल्यानं भाकरी थापताना तुटायची, आई पाणी लावून लावून सांधायची. कामावर पोरांना सुकडी मिळायची, तिची गोडी मला अजून आठवते. गावात म्हातारी माणसं म्हणतात, बहात्तरला पाणी होतं पण धान्य नव्हतं, आता धान्य आहे तर पाणी नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरच्या रांगेत उभा होतो तेव्हा ते बोलणं खरं वाटलं.

बहात्तरनंतर आमचं ताट बदललं. रेशनवर गहू येऊ लागला आणि गव्हाची पोळी सणाची न राहता रोजची झाली. पाहुण्यापुढं भाकरी ठेवायला बायका लाजायला लागल्या. मी १९७५ ला नव्या दहावीच्या पहिल्या तुकडीत पास झालो, त्याआधी मॅट्रिक अकरावीला असायची. पेढे वाटायला बापाकडं पैसे नव्हते, त्यानं साखर वाटली. पुढं उजनीचं धरण झालं, भीमेच्या काठानं ऊस आला, कारखाने आले. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या सुमारास प्रवरेला सहकारी कारखाना उभा केला, त्याचं लोण तीस-चाळीस वर्षांनी आमच्यापर्यंत पोचलं. सभासदाला दिवाळीला सवलतीची साखर मिळायला लागली. पोत्यानं साखर घरात आली की ती खर्चही पोत्यानंच होते. कुणाच्याही दारात गेलं की कपभर गोड चहा. दिवसाला आठ-दहा चहा हा माणसाच्या वजनाचा पुरावा झाला. चहाला नको म्हणणारा माणूस शिष्ट.

बाकीच्या गोष्टीही बदलल्या. बैलाची पेरणी ट्रॅक्टरवर गेली, पायी जाण्याचं अंतर फटफटीवर गेलं. पोटात जाणारं वाढलं आणि घामानं निघणारं कमी झालं. हिशोब सरळ आहे, पण तो आमच्या पिढीनं अंगावर लिहिला.

साठी ओलांडल्यावर दोन वर्षांनी आरोग्य केंद्रातल्या ताई दारात तपासायला आल्या. बोटाला टोचलं, दंडाला पट्टा बांधला. साखर आणि बीपी दोन्ही निघालं. डॉक्टरीणबाई वयानं माझ्या धाकट्या लेकीएवढ्या. म्हणाल्या, "बाबा, साखर बंद, लोणचं-पापड बंद, आणि रोज भाकरी खायची." मी म्हणालो, "बाई, पन्नास वर्षांनी मला परत बहात्तरच्या आधी न्यायला लागलाय." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "पण दोनच भाकरी बरं का, चार नाही. ज्वारीतही पीठच असतं."

हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. आजकाल जो तो ज्वारीला औषध म्हणून खपवतोय. २०२३ हे साल तर जगभर भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं झालं. ज्वारीनं पोट धरतं, भूक लवकर लागत नाही, हे आमच्या अनुभवाचं आहे. पण गोळी बंद करून नुसती भाकरी खाणाऱ्या आमच्या एका गाववाल्याच्या पायाचा अंगठा कापावा लागला. भाकरी भाकरीच्या जागी, गोळी गोळीच्या जागी.

गंमत बघा, गरिबाचं म्हणून टाकलेलं धान्य आता गव्हाच्या वर गेलं. २०२३-२४ चा हमीभाव पाहिला तर मालदांडीला क्विंटलला ३,२२५ रुपये आणि गव्हाला २,२७५. गहू रेशनवर फुकट मिळतो. म्हणजे ज्याला साखरेचा आजार आहे आणि रान नाही, त्यानं भाकरी विकत घ्यायची ती महाग. माझ्याकडं रान आहे म्हणून मला हे परवडतं.

सरकारकडून काय येतं तेही सांगतो. २०१९ पासून केंद्राचे वर्षाला सहा हजार, २०२३ पासून राज्याचे सहा हजार. महिन्याला हजार रुपये पडले. शेतकऱ्याची तीन हजारांची पेन्शन योजना निघाली तीही २०१९ ला, पण तिच्यात नाव घालायला वय १८ ते ४० पाहिजे. मी तेव्हा साठीला आलो होतो. श्रावणबाळ योजनेला ६५ वय चालतं, पण कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१,००० च्या आत लागतं. एवढ्या उत्पन्नात माणूस पासष्टीपर्यंत पोचतो कसा, हा प्रश्न मला पडतो. एसटीचं मात्र चांगलं झालंय. मला ६५ झाल्यामुळं अर्धं तिकीट, आमच्या मंडळींना बाई म्हणून अर्धं. दोघं मिळून एका तिकिटात सोलापूरला जाऊन येतो.

औषधाचा खर्च आम्ही असा बसवलाय. साखरेची आणि बीपीची गोळी आरोग्य केंद्रातून, ती तिथं फुकट मिळते. २०२३ च्या १५ ऑगस्टपासून तर सरकारी दवाखान्यात केसपेपरचेही पैसे घेत नाहीत. गोळ्या संपलेल्या असल्या तर तालुक्याला जनऔषधीच्या दुकानातून, तिथं निम्म्याहून कमी पैशात काम होतं. तीन महिन्यांची साखर कळते ती तपासणी चुकवायची नाही, असं आमच्या मंडळींनी ठरवून टाकलंय. तिनं चहाची साखर बंद केली त्या दिवशी स्वतःचीही केली. सभासदाची साखर आता थोरल्याकडं चाकणला जाते. तिखट-मीठ ती हातानं घालायची, आता चमच्यानं घालते. आणि आणखी एक बदल केला, तो मी मागून घेतला. आमच्या घरात आता सून आणि सासू पंगतीला बसतात. शेवटी कुणी जेवायचं नाही.

राहिला प्रश्न गुडघ्यांचा. शाळू ज्वारी आमच्याकडं कापत नाहीत, उपटतात. माघ महिन्यात जमीन उलून कडक झालेली असते. वाकून दोन्ही हातांनी ताट उपटायचं, पेंढी बांधायची, दिवसभर. ते काम आता माझ्यानं होत नाही आणि रोजगारानं करणारी माणसं मिळत नाहीत. म्हणूनच आमच्या शिवारात ज्वारी दरसाल कमी होतेय. बैलजोडी मी दोन वर्षांपूर्वी विकली. कडब्याला खाणारं दावणीला नसलं की ज्वारीचा अर्धा नफा गेला.

धाकटा म्हणतो, "आण्णा, खालच्या दोन एकरांत पाईपलाईन आलीय, तिथं ऊस लावू. तुमच्यापुरती ज्वारी विकत आणू." त्याचं चूक नाही. त्याच्या पोरांची शाळा उसावर चालते.

पण त्या दोन एकरांना एक नाव आहे. आमच्या भागात वाटण्या झाल्या की म्हातारा स्वतःकडं एक तुकडा ठेवायचा. त्याला म्हातारपणाचा हिस्सा म्हणायचे. जो लेक सांभाळील त्यानं तो कसायचा, आणि म्हाताऱ्यामागं तो त्याचा. कागदावर फार कमी वेळा असायचं, गावाच्या तोंडी असायचं. आईबापाला सांभाळायचा कायदा २००७ साली झाला, त्याच्या आधी आमच्याकडं हा तुकडाच कायदा होता. या हिश्श्यावरून भाऊ-भाऊ कोर्टात गेलेले मी पाहिलेत, आणि याच हिश्श्यामुळं पाटावर ताट मिळालेले म्हातारेही पाहिलेत. आज्यानं तो तुकडा ठेवला, बापानं ठेवला. दोघांनीही त्यात ज्वारीच केली.

या वर्षी दिवाळीला थोरला आला तेव्हा सगळे बसलो. सून बोलली ते मला नवीन होतं. म्हणाली, "मामा, एक एकर ऊस करा, एक एकर ज्वारी. घरात चार माणसं भाकरी खाणारी आहेत, साखर काय फक्त तुम्हालाच होणार आहे का?" धाकटा गप्प बसला. मग म्हणाला, "उपटणार कोण?"

थोरला म्हणाला, माघात तो आठ दिवसांची सुट्टी टाकील. कंपनी देते का बघायचं. तलाठ्याकडून सातबारा काढून आणलाय, तो तुकडा कागदावर कुणाच्या नावानं ठेवायचा ते मंडळींना विचारून ठरवणार आहे, कारण माझ्यामागं भाकरी तिलाही लागेल. एक एकर ज्वारी दसऱ्याच्या आधी पेरलेली होतीच, ट्रॅक्टरनं. चाड्याचा प्रश्न आला नाही. आता पोटऱ्यात आहे. उरलेल्या एकरात उसाच्या सऱ्या पाडून झाल्यात. मी रोज सकाळी तिथवर चालत जातो, डॉक्टरीणबाईंनी अर्धा तास चालायला सांगितलंय आणि पाखरं राखायलाही माणूस लागतोच.