नकाशांत नसलेलीं गांवें

एखाद्या ठिकाणीं सांथ आली म्हणजे पहिला प्रश्न विचारला जातो तो असा कीं, माणसें किती दगावलीं? तीं माणसें राहत होतीं कोठें, हा दुसरा प्रश्न तितक्या लवकर कोणाला सुचत नाहीं. आरोग्यशास्त्राच्या इतिहासांत या दुसऱ्या प्रश्नाचें महत्त्व कसें वाढत गेलें, आणि कागदावरचा नकाशा संगणकावर येईपर्यंत त्यानें मनुष्यजातीला काय शिकविलें, तें आज थोडक्यांत सांगावयाचें योजिलें आहे.

प्रारंभ लंडनपासून करावा लागतो. ता. ३१ ऑगस्ट १८५४ रोजीं त्या शहराच्या सोहो भागांत, ब्रॉड स्ट्रीट नांवाच्या रस्त्याच्या आसपास, पटकीची सांथ एकाएकीं उसळली. दहा दिवसांत पांचशेंहून अधिक लोक मरण पावले. अखेरचा आंकडा ६१६ वर गेला. ही व्याधि दुर्गंधीयुक्त हवेमुळें पसरते, अशी त्या वेळच्या बहुतेक वैद्यांची व अधिकाऱ्यांची समजूत होती. डॉक्टर जॉन स्नो हे मात्र १८४९ पासून म्हणत आले होते कीं, पटकीचें विष पाण्याबरोबर पोटांत जातें.

स्नो यांनीं मृत्युनोंदणीच्या कचेरींतून सांथीच्या पहिल्या दिवसांतील ८३ मृत्यूंची यादी मिळविली, आणि ती हातीं घेऊन ते घरोघर फिरले. जवळजवळ सर्व मृत्यु ब्रॉड स्ट्रीटवरील सार्वजनिक पंपाच्या परिसरांतले होते. अवघे दहा मृत्यु अशा घरांत झाले होते कीं, ज्यांना दुसरा पंप अधिक जवळ होता. तेथेंहि चौकशी करतां कळलें कीं, त्यांपैकीं पांच कुटुंबें मुद्दाम ब्रॉड स्ट्रीटचेंच पाणी आणवीत असत, आणि आणखी तीन मृत मुलें त्या पंपाजवळच्या शाळेंत जात असत. याच्या उलट, जवळच्याच एका निराश्रितगृहांत ५३५ माणसें असून मेलीं केवळ पांच. कारण त्या संस्थेची विहीर स्वतंत्र होती. शेजारच्या बियरच्या कारखान्यांतील सत्तराहून अधिक कामगारांपैकीं तर कोणीच दगावलें नाहीं. त्यांना प्यावयास बियर मिळे. पंपाकडे जाण्याचें त्यांना कारणच पडत नसे!

ता. ७ सप्टेंबरला स्नो यांनीं हा पुरावा स्थानिक पंचमंडळापुढें मांडला, आणि दुसऱ्या दिवशीं पंपाचा दांडा काढण्यांत आला. या दांड्याची गोष्ट सर्वत्र सांगितली जाते; परंतु तिच्यांत दोन दुरुस्त्या करावयास हव्यात. दांडा निघाला तेव्हां सांथ आधींच ओसरूं लागली होती, कारण भयभीत लोक घरें सोडून पळाले होते. आणि ही गोष्ट स्वतः स्नो यांनींच नमूद करून ठेविली आहे. शिवाय, घराघरापुढें मृत्यूच्या काळ्या रेघा दाखविणारा त्यांचा प्रसिद्ध नकाशा १८५५ सालच्या ग्रंथांत छापला गेला, म्हणजे दांडा निघाल्यानंतर. शोध लागला तो पायपिटीनें. नकाशानें तो इतरांच्या डोळ्यांना दिसेल असा केला.

तरीहि सरकारी आरोग्यमंडळानें स्नो यांचें म्हणणें अमान्य केलें. हेन्री व्हाइटहेड नांवाचे तेथील तरुण धर्मोपदेशकहि प्रथम अविश्वासीच होते. आपल्या भागांतील प्रत्येक कुटुंब त्यांच्या ओळखीचें होतें, म्हणून स्नो यांना खोटें ठरविण्यासाठीं ते स्वतः चौकशी करूं लागले, आणि अखेर त्यांच्या मताचे झाले. पंपासमोरच्याच ४० क्रमांकाच्या घरांतील एका तान्ह्या मुलीचा आजार त्यांनीं शोधून काढला. तिचे कपडे धुतलेलें पाणी घरच्या मैलाकुंडांत ओतलें जात असे. कुंडाची वीट खचलेली होती, आणि तेथून पंपाची विहीर हाताच्या अंतरावर होती. स्नो १८५८ सालीं वारले. पटकीच्या जंतूविषयीं कॉख यांनीं खात्री पटविली ती त्यानंतर पाव शतकानें.

यानंतरचें शतक ओलांडून पुढें आलें पाहिजे, कारण तोंवर नकाशाचें स्वरूप पालटलें नाहीं. १९६० नंतरच्या दशकांत रॉजर टॉमलिन्सन यांनीं कॅनडाच्या जमिनीची मोजदाद ठेवण्यासाठीं संगणकावर नकाशे उभारले. नद्या, रस्ते, वस्त्या, लोकसंख्या यांचे निरनिराळे थर एकमेकांवर ठेवावे आणि हव्या त्या ठिकाणचा प्रश्न विचारावा, अशी ही योजना होती. पुढें कृत्रिम उपग्रहांचीं छायाचित्रें तिला येऊन मिळालीं. आरोग्याच्या कामीं तिची खरी कसोटी लागली ती आफ्रिकेंत, नायजेरिया देशीं.

२०१२ सालीं सर्व जगांत नैसर्गिक पोलिओचे २२३ रुग्ण नोंदले गेले. पैकीं १२२ एकट्या नायजेरियांतले, आणि तेहि प्रामुख्यानें उत्तर भागांतले. लसीकरणाचीं पथकें तर वारंवार निघत होतीं. मग मुलें राहत कोठें होतीं? पथकांच्या हातीं असत ते हातानें रेखाटलेले नकाशे आणि गांवांच्या याद्या. दोन विभागांच्या सीमेवरील वस्ती प्रत्येक पथकाला दुसऱ्याची वाटे; गुराख्यांचे लहान वाडे तर कोणाच्याच यादींत नसत. उपग्रहचित्रांवरून नवे नकाशे काढले तेव्हां अशा कितीतरी वस्त्या प्रथमच कागदावर आल्या. पुढें पथकांबरोबर मार्ग नोंदविणारे फोन देण्यांत आले. संध्याकाळीं ते मार्ग नकाशावर ठेवले कीं, कोणती वस्ती सुटली तें दिसे, आणि दुसऱ्या फेरींत तेथें माणूस पाठवितां येई.

२०१४ सालीं त्या देशांत असे रुग्ण सहाच राहिले. पुढें वाटलें कीं, काम संपलें. पण २०१६ च्या ऑगस्टमध्यें बोर्नो प्रांतांत पुन्हां रुग्ण सांपडले. तेथील कित्येक वस्त्या सशस्त्र बंडखोरांच्या मुलखांत होत्या. उपग्रहाच्या चित्रांत त्यांच्या झोपड्या दिसत, तेथें मुलें किती असावींत याचा अंदाजहि बांधतां येई. पण लस देण्यास कोणाला तरी जिवावर उदार होऊन तेथें जावें लागे, आणि सैनिक व स्थानिक रक्षक तसे गेले. ता. २५ ऑगस्ट २०२० रोजीं आफ्रिका विभाग नैसर्गिक पोलिओपासून मुक्त झाल्याचें जाहीर झालें. लशींतील विषाणूंतूनच उद्भवणाऱ्या पोलिओचा उपद्रव मात्र त्यानंतरहि चालू राहिला, हें सांगितलें पाहिजे.

या दोन हकीगतींत दीडशें वर्षांचें अंतर आहे, परंतु बोध एकच निघतो. जी वस्ती यादींत नाहीं, तिच्याकडे औषध जात नाहीं. आणि ती यादींत नाहीं हें यादी वाचून कधींच कळत नाहीं. तें नकाशावर रिकामी जागा दिसली म्हणजे कळतें. त्या जागेकडे बोट दाखविणें एवढेंच नकाशाचें काम. पंपाचा दांडा पंचमंडळानें काढविला, आणि सुटलेल्या वाड्यापर्यंत लशीची पेटी कोणीतरी स्वतःच्या पायांनीं नेली. तेव्हां आपल्या गांवचा वा शहराचा आरोग्याचा नकाशा कधीं पाहण्यांत आला, तर त्यावरील ठिपके मोजण्यापूर्वीं एकवार विचारावें: आपल्या ओळखीची कोणती वस्ती यांत दिसत नाहीं?