दानलेखांची साक्ष

कोणत्याही धर्मसंस्थेचा वर्धापनदिन आला म्हणजे तिच्या कार्याचा वृत्तांत सांगण्याची वेळ येते. किती अन्नदान झाले, किती विद्यार्थी शिकून गेले, किती यात्रेकरूंना आसरा मिळाला, हे सांगावेच लागते. कारण ज्यांनी दिले त्यांना ते ऐकण्याचा अधिकार असतो. पाठशाळेचा वार्षिक वृत्तांत लिहिण्याचे काम काही वर्षे प्रस्तुत लेखकाकडे असल्यामुळे ‘असंख्य’, ‘अगणित’, ‘सहस्रावधी’ हे शब्द लेखणीतून किती सहज उतरतात याचा त्याला चांगलाच अनुभव आहे. यंदा या स्मृतिग्रंथासाठी तेच काम पुन्हा वाट्यास आले, तेव्हा आपल्या पूर्वजांनी दानाची हकीकत कशी सांगितली होती हे एकदा पाहावे असे मनात आले.

त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. सिंहस्थाच्या निमित्ताने नाशकास गेलेल्या पुष्कळ भाविकांनी तेथील पांडवलेणी पाहिली असतील. ही लेणी बौद्ध भिक्षूंची. पांडवांचा संबंध लोकांनी मागाहून जोडला. ज्या डोंगरात ती कोरली आहेत त्याचे जुने नाव त्रिरश्मी. त्यांच्या ओसऱ्यांच्या भिंतींवर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ब्राह्मी लिपीतील दानलेख आहेत.

यांतील दहाव्या लेण्याचा दाता उषवदात. हा शक, दीनीकाचा पुत्र आणि क्षहरात क्षत्रप नहपान याचा जामात. त्याच्या एका लेखात त्याच्या पुण्यकृत्यांची मोठी मालिका आली आहे. त्याने तीन लक्ष गायी दिल्या, देवब्राह्मणांना सोळा गावे दिली, वर्षाला एक लक्ष ब्राह्मणांना भोजन घातले. भरुकच्छ म्हणजे भडोच, दशपूर म्हणजे मंदसोर, गोवर्धन आणि शूर्पारक म्हणजे सोपारे येथे त्याने निवासस्थाने बांधली. तापी, दमण, डहाणू इत्यादी नद्यांवर फुकट तरी ठेवल्या. तरींची गोष्ट मनाला पटते. नदीपार होणाऱ्या गरिबाला तिचे मोल कळलेच असेल. परंतु तीन लक्ष गायी! रोज हजार गायी दिल्या तरी तीनशे दिवस लागावेत. ही संख्या मोजलेली नव्हे, गायिलेली आहे. याच लेखात प्रभासतीर्थी ब्राह्मणांना आठ भार्या दिल्याचाही उल्लेख येतो. त्यांच्या विवाहांचा खर्च त्याने केला, असा याचा अर्थ लावतात. दात्याचे नाव, त्याच्या पित्याचे नाव, श्वशुराचे नाव, सर्व काही लेखात आहे. त्या आठ स्त्रियांपैकी एकीचेही नाव नाही.

आता त्याच दात्याचा त्याच लेण्यातील दुसरा लेख पाहावा. वर्ष 42 मध्ये त्याने लेणे संघास दिले आणि त्यासोबत 3,000 कार्षापणांची अक्षय ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. पैकी 2,000 दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि 1,000 शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत मागावयाचे नाही, व्याजच तेवढे घ्यावयाचे. पहिल्या रकमेच्या व्याजातून, लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापण चीवराकरिता द्यावयाचे. वाचकांनी क्षणभर हिशेब करून पाहावा. 2,000 चे दरमहा 20, वर्षाचे 240. आणि वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा म्हणजे तेही 240. एक कार्षापणही इकडचा तिकडे होत नाही. याच लेखाच्या शेवटी देवब्राह्मणांना दिलेल्या 70,000 कार्षापणांचे, एका सुवर्णास पस्तीस या दराने, 2,000 सुवर्ण होतात असे म्हटले आहे. तेही बरोबर जुळते. हा सर्व व्यवहार निगमसभेत ऐकविला आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदविला असेही लेख सांगतो. म्हणजे ज्यांना तो तपासता येईल अशा लोकांसमोर तो आधी वाचला गेला होता.

एक गोष्ट आम्हा पाठशाळेतील मंडळींना थोडी झोंबणारी आहे. तीन लक्ष गायींचा लेख बराचसा संस्कृतात उतरला आहे; वीस चीवरांचा हिशेब मात्र लोकांच्या प्राकृतात आहे. गौरवाला देववाणी आणि जबाबदारीला बोली, असा हा वाटा पडलेला दिसतो.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. 1906 साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे नहपानाची 13,000 हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा उमटविला आहे. जुन्या राजाचे नाव नाण्यावरून असे पुसता येते. दानाचे तसे होत नाही. ते चालू ठेवावे लागते. आपल्या राज्याच्या अठराव्या वर्षी या राजाने त्रिरश्मीवरील भिक्षूंना पश्चिम कखडी गावातील 200 निवर्तने जमीन दिली. ही जमीन पूर्वी उषवदाताकडे होती. तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत ही राजाज्ञा कोरलेली आहे.

येथेच लेख संपता तर विजयी राजाच्या औदार्याची ती एक साधी कथा झाली असती. परंतु तिच्या खाली चोविसाव्या वर्षाची दुसरी आज्ञा आहे. ती राजाच्या आणि राजमातेच्या नावाने गोवर्धनचा अमात्य श्यामक यास दिलेली असून तिचा आशय असा : भिक्षूंना पूर्वी कखडी गावात शेत दिले होते, ते शेत कसले जात नाही, गावही वसलेले नाही, म्हणून येथे नगराच्या सीमेवरील राजकीय जमिनीपैकी 100 निवर्तने त्यांना देत आहोत. त्या शेतात राजपुरुषांनी शिरू नये, त्याला हात लावू नये, मिठासाठी ते खणू नये, अशा सवलतीही दिल्या आहेत.

प्रस्तुत लेखकाला सर्व दानलेखांत हा लेख अधिक मोलाचा वाटतो. दान वाया गेले हे राजाने मान्य केले, आणि जेथे दानाची घोषणा होती तिच्याच खाली, त्याच भिंतीवर ते कोरविले. दोनशेंच्या जागी शंभर लिहिताना त्याला संकोच वाटला नाही. पडीक दोनशेंपेक्षा नगराजवळची शंभर बरी, हे भिक्षूंना अर्थातच ठाऊक होते. शेत ओसाड आहे ही वार्ता अमात्याच्या कचेरीपर्यंत कोणी तरी नेली असली पाहिजे, आणि ती ऐकून घेणारेही कोणी असले पाहिजे. घेणाऱ्याचा आवाज दानलेखात असा क्वचितच ऐकू येतो.

याच ओसरीत गौतमीपुत्राच्या मातेने, गौतमी बलश्रीने, नातू पुळुमावी याच्या एकोणिसाव्या वर्षी कोरविलेली पुत्राची दीर्घ प्रशस्तीही आहे. यात्रेकरूला मार्गदर्शक बहुधा तीच दाखवितात. प्रशस्तीचा मोह सर्वांनाच असतो. तो नसलेली एक व्यक्ती आपल्या अलीकडच्या इतिहासात होऊन गेली. अहल्याबाई होळकरांनी 1767 ते 1795 पर्यंत राज्य केले आणि काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, देवळे, अन्नछत्रे उभारली. माल्कमने 1823 साली प्रसिद्ध केलेल्या माळव्याच्या वृत्तांतात नमूद केले आहे की, एका ब्राह्मणाने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ रचून आणला, तो त्यांनी शांतपणे ऐकला, आपण या स्तुतीस पात्र नाही असे सांगितले आणि ग्रंथ नर्मदेत टाकविला. ही कथा आपण त्यांच्या विनयाची म्हणून सांगतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांनी नदीत टाकविली ती स्तुती. खासगीच्या उत्पन्नातून होणाऱ्या धर्मादायाची व्यवस्था त्यांच्या मागेही चालू राहिली. आणि माल्कमनेही केवळ दरबारी लोकांच्या शब्दावर विसंबून न राहता निरनिराळ्या थरांतील माणसांकडे चौकशी केली, तेव्हा कोठे त्यांच्याविषयी इतके गौरवाने लिहिले.

हे सर्व पाहून झाल्यावर मी पाठशाळेच्या वृत्तांताचा मसुदा पुन्हा लिहावयास घेतला. ‘असंख्य’ हा शब्द तीन ठिकाणी होता. तेथे हजेरीपटावरून मोजून आकडे घातले, आणि ते अपेक्षेहून लहान निघाले. जे विद्यार्थी अध्ययन अर्धे टाकून गेले त्यांच्याविषयी आजवर आम्ही एक ओळही लिहिली नव्हती. त्यांच्यासाठी एक पान वाढविले. कोण घरच्या अडचणीने गेला, कोण आमच्या शिस्तीला कंटाळून, हे जेवढे कळले तेवढे त्यात आहे. मसुदा संपादक मंडळाकडे दिला आहे. ते पान या ग्रंथात असावे की नसावे, याचा विचार हा लेख लिहीपर्यंत चालूच आहे.