टीडीएच-३६१० : एका इंजिनाचा आणि त्याच्या मिस्त्र्यांचा इतिहास

१ डिसेंबर १९५५ रोजी अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांनी ज्या बसमधील आपली जागा सोडण्यास नकार दिला, ती बस आज मिशिगनमधील डिअरबॉर्न येथे हेन्री फोर्ड संग्रहालयात उभी आहे. तिचा क्रमांक २८५७. सेवेतून निवृत्त झाल्यावर ती एका शेतात अवजारांची कोठी म्हणून सुमारे तीस वर्षे गंजत पडली होती. २००१ साली संग्रहालयाने लिलावात ४,९२,००० डॉलर मोजून ती घेतली. हा सारा इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो. ठाऊक नसते ते तिच्या मॉडेलचे नाव : टीडीएच-३६१०. ‘टी’ म्हणजे ट्रान्झिट, शहरी वाहतुकीची. ‘डी’ म्हणजे डिझेल. ‘एच’ म्हणजे हायड्रॉलिक गिअरबॉक्स. आणि ३६ ही आसनांची संख्या.

या धाग्याचा विषय आहे त्यातील ‘डी’ हे एक अक्षर, आणि त्या अक्षरामागे काळवंडलेल्या हातांनी उभी असलेली माणसे.

जनरल मोटर्सच्या बसमधील डिझेल इंजिन दोन-स्ट्रोक होते. आपल्याकडे ‘टू-स्ट्रोक’ म्हटले की जुनी बजाज स्कूटर किंवा यझदी डोळ्यांपुढे येते. पेट्रोलमध्ये तेल मिसळायचे आणि मागून निळा धूर सोडायचा. हे इंजिन त्या जातीचे नव्हे. यात क्रँककेसमधून हवा ओढली जात नाही. इंजिनाच्या कुशीला रूट्स जातीचा ब्लोअर बसवलेला असतो. तो गिअरवर फिरतो आणि हवा सिलिंडरच्या लायनरमधील छिद्रांवर दाबून धरतो. दट्ट्या खाली गेला की ही छिद्रे उघडी पडतात, ताजी हवा खालून आत घुसते आणि जळालेला वायू डोक्यावरील झडपांतून वर ढकलून देते. दट्ट्या वर येताना हवा दाबली जाते, वरून इंजेक्टर डिझेलचा फवारा सोडतो, स्फोट होतो. चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. येथे तो प्रत्येक फेरीला पेटतो. म्हणूनच मिनिटाला २,१०० फेऱ्यांनी फिरणारे हे इंजिन कानाला ४,२०० फेऱ्यांचे वाटते. अमेरिकन ट्रकचालकांनी त्याला ‘स्क्रीमिंग जिमी’, किंचाळणारा जिमी, असे नाव ठेवले ते याच कारणाने. (‘जिमी’ हा जीएमसी या आद्याक्षरांचा अपभ्रंश.)

या इंजिनामागे चार्ल्स केटरिंग यांची संशोधनशाळा होती. मोटारीचा विजेवर चालणारा स्टार्टर प्रत्यक्षात आणणारे ते हेच. १९३० साली जनरल मोटर्सने विंटन ही इंजिन बनवणारी कंपनी विकत घेतली, आणि १९३३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात विंटनची दोन-स्ट्रोक डिझेल इंजिने कंपनीच्या दालनाला वीज पुरवण्यासाठी लोकांसमोर चालवली गेली. दिवसा प्रदर्शन, रात्री दुरुस्ती असा तो क्रम होता. त्या इंजिनात नीट चालणारा एकमेव भाग म्हणजे तेल मोजण्याची पट्टी, असा विनोद पुढे केटरिंग यांच्या मुलानेच केल्याचे सांगतात. या इंजिनाची पहिली पाठशाळा अशी रात्रपाळीची होती, आणि हा योगायोग मानण्याचे कारण नाही. एखादे नवे यंत्र जन्मते, तेव्हा ते जाणणारा मिस्त्री आधीपासून कोठेही तयार नसतो. त्यालाही घडवावेच लागते.

१९३८ साली ‘७१ मालिका’ बाजारात आली. ७१ हा एका सिलिंडरचा आकार, घन इंचांत. सहा सिलिंडरचे इंजिन म्हणजे ६-७१, चारचे ४-७१. दट्ट्या, लायनर, इंजेक्टर हे भाग मालिकेतील एका इंजिनाचे दुसऱ्याला चालत. ब्लॉकची रचनाही अशी समतोल की ब्लोअर आणि धुराडे कोणत्याही बाजूस बसवता येई आणि इंजिन डाव्या वा उजव्या दिशेने फिरणारे करता येई. मिस्त्र्याच्या दृष्टीने याचा अर्थ फार मोठा होता. एक इंजिन शिकले की बस, ट्रक, बोट आणि जनित्र या सर्वांची दारे उघडत.

ती दारे युद्धाने सताड उघडली. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैनिक उतरवणाऱ्या हिगिन्स बोटी वीस हजारांहून अधिक बांधल्या गेल्या, आणि त्यांतील बहुसंख्य बोटींत ६-७१ होते. शर्मन रणगाड्याच्या एम४ए२ या प्रकारात दोन ६-७१ इंजिने जोडून बसवलेली होती; असे दहा हजारांहून अधिक रणगाडे तयार झाले आणि त्यांतील हजारो सोव्हिएत संघाला पाठवले गेले. इतक्या इंजिनांना हात लावणारी माणसे आणायची कोठून? अमेरिकन नौदलाने १९४२ मध्ये ‘मोटर मशिनिस्ट्स मेट’ असा स्वतंत्र हुद्दाच निर्माण केला आणि शेतांतून, गॅरेजांतून आलेल्या तरुणांना वर्गात बसवून डिझेल शिकवले. १९४८ मध्ये तो हुद्दा गेला. हात मात्र शिल्लक राहिले. शांतताकाळात अमेरिकेची शहरे बसगाड्या डिझेलवर नेत होती, तेव्हा अशा हातांची तिला गरज होती.

मात्र हे हात कोणाचे असावेत, हा प्रश्न युद्धापूर्वीच पेटला होता. मार्च १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील कृष्णवर्णीय रहिवाशांनी दोन खासगी बस कंपन्यांवर बहिष्कार टाकला. नेतृत्व होते अॅडम क्लेटन पॉवेल (धाकटे) यांचे. माँटगोमेरीच्या चौदा वर्षे आधीचा हा बस-बहिष्कार पाठ्यपुस्तकांत सहसा आढळत नाही. येथे मागणी आसनाची नव्हती, नोकरीची होती. या कंपन्यांत कृष्णवर्णीयांना चालकाची जागा मिळत नसे, आणि कार्यशाळेत पाना हाती घेण्याची तर नाहीच. एप्रिलमध्ये झालेल्या करारानुसार कंपन्यांनी १०० कृष्णवर्णीय चालक आणि ७० कृष्णवर्णीय मेकॅनिक नेमण्याचे मान्य केले. तो ७० चा आकडा महत्त्वाचा आहे. बसमध्ये कोठे बसावे हा हक्क जितका राजकीय, तितकाच बस उघडून पाहण्याचा हक्कही राजकीय होता.

युद्धानंतर अमेरिकेच्या बसबाजारावर जनरल मोटर्सचा असा ताबा होता की १९५६ साली सरकारने मक्तेदारीविरोधी दावा दाखल केला. तो १९६५ मध्ये तडजोडीने मिटला आणि कंपनीला आपली इंजिने व सुटे भाग प्रतिस्पर्ध्यांनाही विकणे भाग पडले. मक्तेदारी वाईटच, पण मिस्त्र्यांच्या बाबतीत तिचा एक परिणाम विलक्षण झाला. देशभरातील आगारांत जवळपास एकच इंजिन असल्याने ज्ञानही एकच होते. या शहरातला मेकॅनिक त्या शहरात गेला तरी पहिल्या दिवसापासून कामाला लागू शके. १९५७ मध्ये व्ही-आकाराची ६व्ही-७१ आणि ८व्ही-७१ आली, १९५९ मध्ये मोठ्या फुगीर काचेची ‘न्यू लूक’ बस आली, तरी कामाचा गाभा तोच राहिला.

हा गाभा म्हणजे काय, ते थोडे खोलात पाहण्यासारखे आहे. कंपनीच्या जाडजूड दुरुस्ती-पुस्तकातील विभाग १४ ट्यून-अपचा. आधी धुराच्या झडपांतील फट लावायची. मग एका छोट्या खिळ्यासारख्या मापकाने इंजेक्टरची उंची, म्हणजेच त्याची वेळ, लावायची. मग गव्हर्नरमधील फट. आणि शेवटी सर्वांत नाजूक काम, रॅक जुळवणे. प्रत्येक इंजेक्टरला एक दातेरी दांडी असते. ती आतबाहेर सरकली की डिझेल कमीजास्त होते. सर्व सिलिंडरच्या दांड्या एका नळीवरील छोट्या हातांनी गव्हर्नरला जोडलेल्या असतात. या सर्व दांड्या एकाच क्षणी, एकाच प्रमाणात हलल्या पाहिजेत. एक हात जरा सैल, तर तो सिलिंडर आळशी. जरा घट्ट, तर तो इतरांना पुढे जाऊ देत नाही.

पुस्तक सांगते की स्क्रू पिळत जावा आणि हाताला जोर किंचित वाढल्याचे जाणवले की थांबावे. मग स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने रॅक दाबून पाहावा. सोडताच तो उसळून वर आला पाहिजे. ‘किंचित’ म्हणजे किती, याचे माप पुस्तकात नाही, आणि ते असूही शकत नाही. ते मनगटात असते. येथे शिकणाऱ्याशेजारी शिकवणारा उभा असावा लागतो. आधी त्याने स्क्रू लावायचा, मग शिकणाऱ्याने तोच सैल करून पुन्हा लावायचा, आणि दोघांनी आळीपाळीने रॅक दाबून पाहायचा.

चूक झाली तर शिक्षाही मोठी. एखादा रॅक इंधन देणाऱ्या स्थितीत अडकला, तर गव्हर्नर तो मागे ओढू शकत नाही आणि इंजिन बेफाम वेग घेते. किल्ली बंद करून डिझेल थांबत नाही. अशा वेळी हवा तोडणे हाच उपाय. त्यासाठी ब्लोअरच्या तोंडाशी आणीबाणीची झडप असते. पण ती वरचेवर वापरली तर ब्लोअरची तेल अडवणारी सील खराब होतात. म्हणून जाणता मिस्त्री ट्यून-अपनंतर इंजिन सुरू करण्याआधी सर्व रॅक ‘बंद’ स्थितीकडे मोकळेपणाने परततात का ते बोटाने तपासतो.

मग हे सारे लोपले कसे? हे इंजिन थोडे तेल जाळतेच, आणि १९९० नंतर अमेरिकेत शहरी बसच्या काजळीवरील मर्यादा वर्षागणिक कडक होत गेल्या. १९८५ मध्ये इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले, १९८७ मध्ये त्याच कंपनीचे चार-स्ट्रोक ‘सीरीज ६०’ आले, आणि त्याच वर्षी जनरल मोटर्सने बस बांधण्याच्या व्यवसायातून अंग काढून घेतले. नव्या तंत्रज्ञाच्या हाती संगणक आला. त्यात त्याचा दोष नाही. त्याला शिकवलेच ते गेले. पण असा तंत्रज्ञ जुन्या बसमध्ये सवयीने १५डब्ल्यू-४० तेल ओततो, तेव्हा पंचाईत होते. या इंजिनाला ४० ग्रेडचे, कमी राखेचे, साधे एकजिनसी तेल लागते. बिघाड लगेच दिसत नाही, आणि दिसतो तेव्हा लायनर ओरखडलेले असतात.

आज न्यूयॉर्क ट्रान्झिट म्युझियमसारख्या संस्था आणि जुन्या बस बाळगणारे हौशी लोक या गाड्या चालत्या ठेवू पाहतात. पत्रा ठोकणारा मिळतो, आसने शिवणारा मिळतो. अडते ते इंजिनापाशी. शोध घ्यायचा तर बसच्या जगाबाहेर घ्यावा लागतो : मच्छीमारांच्या बंदरात, जुन्या अग्निशामक गाड्यांच्या गॅरेजात, लष्करातून निवृत्त झालेल्यांत. एम११३ या चिलखती वाहनाच्या डिझेल प्रकारात याच कुळातील लहान ५३ मालिकेचे इंजिन असल्याने अनेक माजी सैनिकांना रॅक नवा नसतो. तरी अडचण उरतेच. जनरल मोटर्सच्या बसमध्ये इंजिन मागे आडवे बसवलेले असते आणि शक्ती कोनातून आसाकडे वळवली जाते. बोटीवरचा उत्तम मिस्त्रीही त्या गिअरबॉक्सपाशी थबकतो. म्हणजे एक माणूस पुरत नाही, दोघांचे ज्ञान एकत्र आणावे लागते.

महाराष्ट्रात एसटीची आगारे लेलँड आणि टाटांच्या चार-स्ट्रोक इंजिनांवर वाढली. या इंजिनाचा येथे बसशी संबंध आला नाही. मात्र त्याचा थोरला चुलतभाऊ येथे आहे, आणि तो रुळांवर आहे. विंटनच्या त्याच इंजिनापासून रेल्वेसाठी ५६७ आणि पुढे ७१० ही मालिका निघाली. हेही आकडे एका सिलिंडरच्या घन इंचांचेच. १९९९ मध्ये भारतात आलेल्या आणि पुढे वाराणसीत बांधल्या गेलेल्या डब्ल्यूडीजी-४ या ४,००० अश्वशक्तीच्या इंजिनात १६ सिलिंडरचे ७१० आहे. गोव्यातील कुळे ते कॅसलरॉक या १:३७ चढाच्या घाटात, दूधसागराजवळून, हुबळी शेडची ही इंजिने मालगाड्यांना मागून रेटत नेताना अनेकांनी ऐकली असतील. तो दोन-स्ट्रोकचाच आवाज. हुबळी, पुणे अशा डिझेल शेडमधील फिटर हे इंजिन जाणतात, आणि मार्गांचे विद्युतीकरण जसजसे पूर्ण होते आहे (कोकण रेल्वेचे २०२२ मध्ये झाले), तसतसे त्यांच्या हातांखालचे कामही बदलते आहे. त्यांच्या आठवणी नोंदवून घेण्यासाठी अमेरिकेला जाण्याची गरज नाही. ती माणसे अजून नोकरीत आहेत.