पिरतीचा इंचू (गीत)

'फँड्री' (२०१३) या मराठी चित्रपटाचे प्रसिद्धीगीत. संगीत अजय-अतुल, गायक अजय गोगावले, चित्रपटाचे दिग्दर्शक नागराज मंजुळे. कथेचे गाव अकोळनेर. दौंड-मनमाड लोहमार्गावरचे, अहिल्यानगर शहराच्या दक्षिणेला.

गाणे गाजले, मात्र चित्रपटात ते कुठेच नाही. पार्श्वसंगीतही आलोकनंदा दासगुप्ता यांचे. ही निव्वळ जाहिरातीची युक्ती होती, असे म्हणून विषय मिटवता येतो. तेवढ्याने भागत नाही, कारण गाण्याची जागा चित्रपटात आयती तयार होती. जत्रा आहे, वाद्ये आहेत, नायक जब्याला आवडणारी शालू बघते आहे आणि त्याला नाचायचे आहे. अशा वेळी या कैकाडी पोराच्या डोक्यावर बत्ती येते. चित्रित गाणे नायकाला जी चार मिनिटे देते, तीच गाव त्याला नाकारते. गाणे घातले असते तर दिग्दर्शकाने ती त्याला परस्पर बहाल केली असती आणि शेवटच्या डुकरांच्या पाठलागाची धार गेली असती. प्रसिद्धीसाठी गाण्याला दृश्ये जोडलेली होतीच, हा आक्षेप खरा आहे; पण जोडलेली दृश्ये म्हणजे चित्रीकरण नव्हे. मंजुळे यांना गाण्यांचेच वावडे असावे, हा तर्क 'सैराट'पुढे (२०१६) टिकत नाही. संगीतकार तेच, आणि त्यातल्या 'झिंगाट'मध्ये नायक परश्या सगळ्यांदेखत नाचतो. त्याच्यावरची बंदी नाचण्यावर नाही, लग्नावर आहे.

तुलनेसाठी अमेरिकी पर्यायी रॉकमधले पर्ल जॅमचे 'ब्लॅक' ('टेन', १९९१) घ्यावे. कंपनीला ते स्वतंत्र ध्वनिमुद्रिका म्हणून, चित्रफितीसह बाजारात आणायचे होते. वाद्यवृंदाने दोन्हींना नकार दिला. तरीही तिथल्या रॉक नभोवाणीच्या क्रमवारीत ते तिसऱ्या स्थानापर्यंत गेले. हलगीचे गाणे रॉकच्या पंक्तीला कसे, असे कोणी विचारील. साम्य वाद्यांचे नाही, न घडलेल्या चित्रणाचे आहे, आणि खरा फरकही तिथेच दिसतो: पर्ल जॅमने चित्रापासून गाणे राखले, इथे गाण्यापासून चित्रपट राखला गेला. मंजुळे यांचा मूळ हेतू काहीही असो, पडद्यावरचा परिणाम हाच आहे.

सन्मान : ६१ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत दिग्दर्शकीय पदार्पणाचा इंदिरा गांधी पुरस्कार मंजुळे यांना, बालकलाकाराचा सोमनाथ अवघडे याला. गाण्याला त्यांतले काही नाही.